ताप उतरल्यानंतरचे दिवस

२० ऑगस्ट, बुधवार

सायली ॲडमिट. महापालिकेचं हॉस्पिटल, मुलांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. डेंग्यू पॉझिटिव्ह. सोमवारपासून पोरगी तापाने फणफणलेली. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायची. आज सकाळपासून पोट धरून बसली आणि घोटभर पाणीही ठरेना. सेक्टरमधल्या आमच्या डॉक्टरने सरळ चिठ्ठी लिहून दिली. बरं केलं.

वॉर्डची डॉक्टर नेहा नावाची. वयाने माझ्या भाचीएवढी, पण बोलणं कात्रीसारखं. "पोटात दुखतंय आणि उलट्या थांबत नाहीत, म्हणून ठेवून घेतेय. नाहीतर घरीच पाठवली असती. तापाला फक्त पॅरासिटामॉल. घरून दुसरी कुठली गोळी आणून दिलीत तर मी ओरडेन." आवडली मला.

महेश कामावरून थेट आला, हाताला लिफ्टचं ग्रीस तसंच. लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न काय, तर "शनिवारपर्यंत सोडतील ना?" शनिवारी गावची बस. चार घरांचा मिळून एक गणपती आणि यंदा पाळी आमच्या घराची. पूजेला हा बसणार. पितांबर नवं घेऊन ठेवलंय. आजोबा गिरणीत होते तेव्हासुद्धा चतुर्थीला गाव चुकवलं नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. बोलले असते तर अख्खा वॉर्ड गोळा झाला असता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

इथे मला नाव नाही. "ओ सायलीची आई!" पंधरा वर्षं एक्स्पोर्टच्या कपड्यांचं चेकिंग करतेय, तिथे सगळे वैशालीताई म्हणतात. इथे सिस्टरने हातात मापाचा मग दिला. पोरगी किती प्यायली ते सांगायचं, किती शू झाली ते सांगायचं. प्रत्येक आईच्या हातात एकेक मग. ओळख झाली की पहिला प्रश्न, "तुमची किती झाली?"

शेजारच्या खाटेवर प्रज्ञा. दहा वर्षांची, गोबरी, गोड. तिची आई शीतल, जोगेश्वरीला पार्लरमध्ये काम करते, माहेर परभणीकडचं. सकाळी नाचतच आली माझ्याकडे. "उतरला गं ताई ताप! बघ हात लावून, थंडगार पडलीय." भावाला पाठवून पेढे आणवले, वॉर्डभर वाटले. मीही खाल्ला. सिस्टर तेवढी खाईना. "दोन दिवसांनी खाईन हां," म्हणाली.

संध्याकाळी प्रज्ञा कण्हायला लागली. पोट फुगलेलं, तळहात ओले आणि गार, हाक मारली तर ओ देईना. धावपळ. खाटेसकट आयसीयूत नेली. शीतलच्या हातात पेढ्यांचा उरलेला पुडा तसाच. मी तो काढून घेतला, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

डॉ. नेहाला पॅसेजमध्ये गाठलं. ताप उतरला तर पोरगी बरी व्हायला हवी की नको?

"सगळे तिथेच फसतात," म्हणाली. मग भिंतीला टेकून नीट समजावलं. ताप उतरताना शिरांना गळती लागते. रक्तातलं पाणी झिरपून पोटात, फुप्फुसांभोवती जाऊन बसतं. आत रक्त घट्ट होतं, नाडी पळते, हातपाय गार पडतात, शू कमी होते. एकदोन दिवस हे चालतं. तेवढ्यात सांभाळलं तर मूल उठून बसतं. सगळ्यांना नाही होत, पण कुणाला होईल ते कपाळावर लिहिलेलं नसतं. "म्हणून ताप गेला की मी खाटेजवळ जास्त वेळा येते आणि लोक मात्र बॅग भरतात."

इकडे फॅमिली ग्रुपवर एकच चाललंय, प्लेटलेट किती? मॅचचा स्कोअर विचारावा तसे विचारतात. आमच्या वरच्या मजल्यावरची काकू पपईच्या पानांचा हिरवा रस बाटलीत घेऊन हजर. "एका ग्लासात दुप्पट होतात गं." पी हळद नि हो गोरी! सायलीने वासानेच ओकारी काढली. बाटली गुपचूप बेसिनमध्ये रिकामी केली. काकूला सांगितलं, संपवला हो.

प्रज्ञाचं काही कळत नाही. शीतल आयसीयूबाहेर बसून आहे. चहा नेऊन दिला. प्यायली, एवढंच.

सायलीला अजून ताप. पहिल्यांदाच वाटलं, असू दे बाई.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी ताप नाही. थर्मामीटर पुन्हा लावून बघितला.

आणि नवरा दोन बॅगा घेऊन दारात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! "बघ, गणपतीलाच काळजी! तयार कर तिला. बसमध्ये झोपवून नेऊ, मागची सीट सांगून ठेवलीय."

म्हटलं, पोरगी इथून हलणार नाही.

तो गेला डॉक्टरकडे. आमच्या जबाबदारीवर नेतो, कुठे सही करू? डॉ. नेहा म्हणाली, "सही केलीत तर मी अडवू शकत नाही. पण हिला बसमध्ये शॉक आला, बीपी कोसळलं, तर तिथे मी नसेन, सलाइन नसेल, काहीच नसेल."

"अहो, पण ताप गेलाय ना!"

"म्हणूनच."

मग आमची जिन्यात जुंपली. तो म्हणतो, चार वर्षांनी पाळी आली. मी म्हणते, पुन्हा चार वर्षांनी येईल. तो म्हणतो, भावकी काय बोलेल? मी म्हणते, तू एकटा जा, मी कुठे अडवते? शेवटी खरं काय ते आलं ओठांवर. "आईला काय सांगू? ती वाट बघत बसलीय."

म्हटलं, मीच सांगते. लावला फोन, स्पीकरवर. मनातून मीही घाबरलेच होते. सासूबाई म्हणजे साधी बाई नाही, तिच्यापुढे भावकीतल्या थोरल्या भाऊकाकांचीही डाळ शिजत नाही. सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधत होतं, ठोकाठोक ऐकू येत होती. मग आवाज आला:

"महेशा, आयकतंस मां? गणपती माझ्या घराक येतलो, तो खंय पळान जाणा नाय. पूजेक दिनेश बसात. देव रागवाचो नाय. पण चेडवाक तसा उचलून हाडलंस, तर मी दारात उभा करूचंय नाय तुका! समाजला?"

महेशने नुसती मान हलवली. फोनवर मान हलवून काय कळणार? पण त्यांना कळलं असावं. "बायलेचा आयक जरा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी जिंकले! जिन्यात, सासूच्या जिवावर. हसू यायला हवं होतं, रडूच आलं.

दुपारी महेश बसपर्यंत जाऊन आला. पितांबर, नारळ, गौरीची साडी असं सगळं शेजारच्या सावंतांच्या हाती दिलं. चुलतभाऊ दिनेशला फोन केला, "तू बस रे पूजेला." परत आला तो डोळे लाल करूनच. मी वडापाव पुढे केला.

संध्याकाळी सायलीने पांघरूण ओढून घेतलं. उकडत होतं आणि ही पांघरूण घेते? पाय चाचपले. गार. ओठ पांढरे. सकाळपासून मापाचा मग जवळजवळ कोरडा. मी ओरडलेच. पण डॉ. नेहा हातात बीपीचं यंत्र घेऊन येतच होती.

नेलं आत.

२४ ऑगस्ट, रविवार

आयसीयू. दोन्ही हातांना सुया. तोंडावर मास्क. सोनोग्राफीत पोटात पाणी, उजव्या फुप्फुसाजवळ पाणी. हिरड्यांतून थोडं रक्त.

सलाइन वाढवतात, रक्त तपासतात, कमी करतात, पुन्हा तपासतात. जास्तही चालत नाही, कमीही चालत नाही. डॉ. नेहा काल गेलीच नाही घरी, कपडे तेच आहेत. मी विचारलं, प्लेटलेट चढवणार का? "रक्तस्राव वाढला तर. आत्ता गळती महत्त्वाची."

सायली एकदाच डोळे उघडून म्हणाली, "आई, पाणी." ओठ ओले केले.

महेश भिंतीला पाठ लावून बसलेला. सकाळी सावंतांचा फोन आला. बस अख्खी रात्र पेणच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकून होती, ना पुढे ना मागे. त्याने फोन खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा ठेवला. मग माझा हात धरला, सगळ्यांदेखत. लग्नातसुद्धा भटजींनी सांगितल्यावर धरला होता.

एक चांगली गोष्ट. प्रज्ञा सावरली, वॉर्डात परत नेली. जाताना शीतल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माझी ह्याच खाटेवर होती गं. ही खाट चांगलीय." काहीही बोलते. पण बरं वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

शू झाली!!!

लिहिताना एकटीच हसतेय. चांगली भरपूर झाली. पहाटेपासून मी आणि आयसीयूची सिस्टर त्या नळीच्या पिशवीकडे टक लावून होतो. आधी थोडी, गडद. मग जरा बरी. मग दुपारी धबधबाच. सिस्टर म्हणाली, "या बाई, बघा तुमच्या लेकीचा पराक्रम." डॉ. नेहाने रिपोर्ट बघितला, रक्त पातळ व्हायला लागलंय, नाडी खाली आलीय, हात गरम. माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मला तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली. मारलीच. कडक इस्त्रीचा माणूस, पण एकदम मऊ पडली. "अहो, अजून एक दिवस बघायचंय," एवढंच पुटपुटली.

महेशने ग्रुपवर टाकलं, "सायलीला शू झाली." ग्रुपवर सगळे आरास दाखवतायत, कुणाचे मोदकाचे साचे, कुणाचं मखर, आणि मध्येच आमची शू. खाली नुसते नमस्कार आणि नाचणारी माणसं. भाऊकाकांनी लिहिलं, "गणपती बाप्पा मोरया." माझ्या लेकीच्या शूला एवढा मान!

वॉर्डात जाऊन शीतलला सांगितलं. ती तिथेच टाळ्या वाजवायला लागली, तिचं बघून बाकीच्या आया. एका आजीबाईंना काय झालंय ते माहीत नव्हतं, त्यांनीही वाजवल्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. उपास नाही केला, शंकराला सांगितलं समजून घे. लेक जेवतेय तर मी उपाशी कशाला राहू?

सायली परत वॉर्डात, शीतलच्या शेजारी. अंगभर खाज. पाय लालेलाल आणि मधे मधे पांढरे ठिपके, रांगोळीचे टिंब काढल्यासारखे. मी धसकले. डॉ. नेहा खूश. "हे बरं होण्याचं पुरळ. खाजवू द्या थोडं." कसली गंमत आहे या आजाराची! ताप गेला की घाबरायचं आणि अंग लाल झालं की हसायचं.

भूक लागली म्हणते. मऊ भात, वरण. मग म्हणे, बोंबील. आजारातून उठली आणि बोंबील! हॉस्पिटलच्या भाताला नावं ठेवली. नावं ठेवली म्हणजे बरी झाली. प्रज्ञा आणि ती खाटांवरून एकमेकींना सुयांच्या जागा दाखवतायत, कुणाच्या जास्त. प्रज्ञा जिंकली. सायली रुसली.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

गावाहून व्हिडिओ कॉल. दिनेशभावजी पूजेला बसलेले, महेशचं पितांबर त्यांना आखूड. महेश बघून फिस्सकन हसला. "पोटऱ्या झाक रे!"

गाऱ्हाणं नेहमी भाऊकाका घालतात. यंदा सासूबाई पुढे आल्या. म्हणाल्या, आज मी घालतंय. भाऊकाका बाजूला सरकले. पदर खोचला, हात जोडले:

"बा देवा गणपती म्हाराजा! मुंबैत माझ्या झिलाचा चेडू तुझ्या किरपेन उठान बसला हा. तेका आवक्ष दी रे म्हाराजा!"

तिकडून सगळे, "व्हय म्हाराजा!"

इकडून महेश एवढ्या जोरात ओरडला, की सिस्टर धावत आली. पुढचं ऐकून तीही थांबली.

"जे डाक्टर, जी शिस्टर रातीचा दिवस करून पोरांका सांभाळतत, तेंच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता वॉर्डातल्या आयाही. पोरं तर खाटांवर उभी राहून. शीतल म्हणाली, "आम्ही देवाबिवाचं करत नाही ताई. पण ह्या वाक्याला माझं पण व्हय." आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडली.

"आणि जी जी पोरा अजून खाटेर आसत, तेंका आपापल्या घराक पोचय रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा.

डॉ. नेहा दारात उभी होती. फाइल छातीशी धरून. ओरडली नाही ती, पण ओठ हलले, मी पाहिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी! चालत बाहेर आली माझी बाय, स्वतःच्या पायांनी. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, आपण जिंकलो ना?" हो गं, जिंकलो. चांगलंच जिंकलो.

निघताना डॉ. नेहाने मला बाजूला घेतलं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, हिला एक झाला. पुढे कधी दुसरा झाला तर तो जास्त जोराचा येऊ शकतो. "घाबरवत नाहीये. पण ताप आला की घरी बसून राहू नका, लगेच या." मी म्हटलं, येऊ. "नको, येऊच नका," म्हणाली आणि हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली. दात थोडे पुढे आहेत. छान दिसते.

३१ ऑगस्ट, रविवार

महेश सकाळपासून बिल्डिंगच्या मागे लागलाय. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचे ट्रे, गच्चीवरच्या ताडपत्र्या. मग एकदम आठवलं त्याला, लिफ्टचा खड्डा! चावी घेऊन उतरला. खाली गुडघाभर पाणी आणि त्यात अळ्यांची जत्रा. सेक्रेटरीला वर बोलावून नाही, खाली उतरवून दाखवलं. सेक्रेटरीची पँट भिजली. दुपारपर्यंत पंप लावून खड्डा कोरडा. वरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या पपईच्या रसाने पोरगी वाचली आणि महेशने बिल्डिंग वाचवली." मी म्हटलं, हो काकू. रस बेसिननेच प्यायला होता, हे नाही सांगितलं.

आज गौरी येणार गावी. सासूबाईंनी साडीचा फोटो पाठवला. महेश फोटो मोठा करून बघत बसला होता. वाईट वाटतंय त्याला, वाटणारच. मी काही समजूत घालत नाही. सायली त्याच्या मांडीवर पाय टाकून झोपलीय, तीच पुरे.

४ सप्टेंबर, गुरुवार

फेरतपासणी. सगळं नॉर्मल. वॉर्डासमोरच्या ओपीडीच्या बाकावर सायली चिकू खात बसली, नंबर यायचा होता. डॉ. नेहा घाईघाईत जाताना मला बघून थबकली. "सायलीची आई, दोन मिनिटं वॉर्डात येता?"

आमच्याच खिडकीजवळची खाट. मुलगा सायलीपेक्षा लहान, झोपलेला. शेजारी त्याची आई, मांडीवर बॅग, चेन लावलेली. सकाळी ताप उतरलाय. नणंदेचा साखरपुडा नाशिकला, पितृपक्ष लागायच्या आत उरकायचा आहे. गाडी खाली उभी, नवरा हॉर्न वाजवतोय. डॉ. नेहा म्हणाली, "माझं ऐकत नाहीत." आणि निघून गेली, दुसऱ्या खाटेवर बोलावणं आलं म्हणून.

मी तिच्या शेजारी बसले. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

ती फणकारली. "ताप नाही आता त्याला. तुमचं काय जातंय हो?"

"माझं काही जात नाही," म्हटलं. "बाहेर बाकावर एक पोरगी चिकू खातेय, निळा फ्रॉक. ती माझी. तिचा ताप शनिवारी सकाळी उतरला होता आणि आमचीही बॅग भरलेली होती." मग पुढचं सांगितलं. जिना, सासूबाई, गार पाय, पेणचा ट्रॅफिक. प्रज्ञाचंही. भराभर सांगितलं, कारण खाली हॉर्न थांबत नव्हता.

तिने दारातून बाहेर पाहिलं. बराच वेळ. सायलीने चिकूची बी थुंकली आणि आपल्याला कुणी बघत नाही ना म्हणून इकडे तिकडे पाहिलं.

"सासूबाई काय म्हणतील," ती हळूच म्हणाली.

"फोन लावा. स्पीकरवर."

फोन हातात घेतला तिने. दुसरा हात बॅगेवरच. मुलगा झोपेत हलला, पांघरूण गळ्याशी ओढून घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिने बॅगेवरचा हात काढून त्याचा पाय धरला.

बाहेर आमचा नंबर पुकारला. मला उठावं लागलं.